लहान बटणांचा फोन

फोन खिशात मावला पाहिजे आणि त्यावर धड लिहिताही आलं पाहिजे, या दोन अटींची सांगड घालण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. बटणांचे फोन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो आराखडे करायचा. बटणं ऐसपैस केली की फोन विटेसारखा व्हायचा. फोन आटोपशीर केला की एका अंगठ्याखाली दोन-दोन बटणं दबायची. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," असं तो घरी येऊन म्हणायचा आणि बायको हसायची.

मग घशाच्या ऑपरेशनमध्ये बायकोचा आवाज गेला. नंतरच्या औषधांनी बोटं बधिर झाली. काचेच्या पडद्यावर बोट कुठे टेकलं ते तिला कळेना. बटण दबल्याचं तेवढं जाणवायचं. त्याने कंपनीचा जुना थोराड फोन तिला आणून दिला. दोन ओळी लिहिल्या की तिचं मनगट भरून यायचं. हळूहळू तिने लिहिणंच सोडलं. दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसायची.

"तुझ्यासाठी लहान करतो," तो म्हणाला. "जरा धीर धर."

पहिला नमुना त्याने घरी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला मेसेज आला. 'छान आहे. अजून थोडा लहान करा.'

त्यात एकही चूक नव्हती.

त्याने अजून लहान केला. मग त्याहून लहान. शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअर बाईंनी तो नमुना हातात घेतला, दोनदा दाबून पाहिला आणि परत ठेवला.

"माझं नखसुद्धा बसत नाही यावर. वहिनी लिहितात कशा?"

"सवय," तो म्हणाला.

घरी ती पूर्वीसारखीच गप्प असायची, मानही हलवायची नाही. पण तो ऑफिसात असला की मेसेज यायचे. लहानपणच्या गोष्टी असायच्या. भिंतीचा चुना चाटल्याचं, फ्रॉकच्या खिशात पाल पाळल्याचं. एकदा आलं, 'टाकीतून वर बघितलं की आभाळ ताटलीएवढं दिसतं.' तो जिन्यात उभा राहून ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. आवाज गेला, पण माणूस हाती लागलं, असं त्याला वाटलं. त्या ओळींवरच तो जगत होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती कप विसळत होती. तो मागे टेबलाशी बसला होता. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत फेसात होते.

तिच्या स्वेटरच्या खिशातून बारीक टकटक येत होती. ताटात मोहरी सांडावी तशी.

त्याचा फोन थरथरला. 'आज घरी आहात.'

तो उठला. तिच्या खिशातून तो लहान फोन काढून त्याने मुठीत धरला. तिचे हात पुसले, तिला खुर्चीवर बसवलं आणि थोराड फोन तिच्यापुढे ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "कितीही वेळ लागू दे."

तिने एकेक अक्षर शोधत लिहिलं. 'लहानावर मला एकदही लिहता आलं नाही. बटण सापडतच नाही. तो आपोआप लिहितो. तुम्हीच आत कही बसवलंय वाटलं. तुम्ही खूश होता म्हणून बोलले नाही.'

म्हणजे लहान फोन आल्यापासून आजवर ती त्याच्याशी काहीच बोलली नव्हती.

"मग तुझ्या लहानपणीचं? टाकीचं?"

तिने मान वर केली. त्याने आपल्या फोनवरची ती ओळ तिच्यासमोर धरली. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

'टाकीचं तुम्हाला कोणी सांगितलं'

"तू पडली होतीस का टाकीत?"

तिने मान हलवली. नाही.

नळाचं पाणी तसंच वाहत होतं. मग तिने लिहिलं.

'मी वर होते.'

तिचं तोंड उघडलं. खांदे गदगदत होते. आवाज काहीच नव्हता.

त्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. दुसऱ्या हाताच्या मुठीत, तळहाताखाली, बटणं एकेक करून आत जात होती. हलकी, घाईची, बारीक बोटांची दाबणी.

टेबलावर त्याचा फोन उजळला.

'ताईवर रागावू नका.'

लग्न जुळलं तेव्हा मुलगी एकुलती एक आहे, असंच त्याला सांगितलं होतं.