गोळी बदलल्यावर

बोगादीतलं घर नवंच होतं. त्या घरात अजून कुणी जन्मलं नव्हतं, की गेलं नव्हतं.

भागीरथीबाईंचा खोकला उन्हाळ्यात सुरू झाला आणि दसरा उलटला तरी हटेना. कोरडा खोकला, आधी दोन तुटक ठसके, मग एक लांब. त्यांच्या सासरी पूर्वी कापड रंगवायचे. भट्टीच्या धुरात वर्षानुवर्षं बसूनही या छातीनं कधी कुरकुर केली नव्हती. ज्येष्ठमध चघळून झालं, हळद-मिऱ्यांचं दूध झालं. नातसून पावनी बाळंतपणाला कृष्णराजनगरला, माहेरी होती. खोकल्याचं कारण कळून तो थांबेपर्यंत बाळाला पाठवणार नाही, असं तिच्या आईनं कळवलं. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण पणतीला भागीरथीबाईंनी फक्त फोनवर पाहिलं होतं.

सुनेनं, नागरत्नानं, त्यांचा खोकला मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवला. एक्स-रे स्वच्छ निघाला, थुंकीतही क्षयाचं काही नाही. मग डॉक्टरांनी औषधांच्या पिशवीतून रक्तदाबाची गोळी उचलली आणि ती कधी सुरू केली ते विचारलं. उन्हाळ्यातच. काहींना या गोळीनं असा खोकला येतो म्हणाले, दुसरी लिहून दिली. आठवडे लागतील, पण थांबेल.

उठता उठता डॉक्टरांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा कानाशी धरलं.

"अज्जी, घरात आणखी कोण खोकतं?"

कुणी नाही, नागरत्ना म्हणाली. नवं घर आहे, आवाज घुमतो.

खोकला खरोखरच ओसरला. भागीरथीबाईंना पुन्हा सलग झोप लागू लागली. एका दुपारी त्या फाटकाशी मोगऱ्याचा गजरा घेत होत्या, तेव्हा घरातून खोकला आला. दोन तुटक, एक लांब. फुलवाली घराकडे बघत राहिली. शेजारचं कुणी असेल, अशी भागीरथीबाईंनी स्वतःची समजूत घातली.

नागरत्नाला मात्र तो रोज ऐकू येत होता. सासूला ती अत्ते म्हणायची.

"अत्ते, लपवू नका. दुपारी खोलीचा पडदा ओढून खोकता, अल्लवा? खरं ना?"

"मी नाही गं."

"मग काय मी खोकते?"

भागीरथीबाईंनी विषय तिथंच सोडला. वाद वाढला तर ते कृष्णराजनगरला कळणार. बरं वाटतंय, एवढंच त्यांनी पावनीला फोनवर सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

रविवारी दुपारी गाडी आली. पावनीनं व्हरांड्यातच बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पिशव्या काढायला ती गाडीकडे गेली. बाळाच्या जावळाला धुपाचा वास येत होता. भागीरथीबाईंनी त्यावर गाल टेकला.

आत, त्यांच्या खोलीत, कुणीतरी खोकलं.

"आले हं, अत्ते," स्वयंपाकघरातून नागरत्ना म्हणाली.

हाक मारायला हवी होती. पण हाक मारली असती तर बाळ त्याच गाडीतून परत गेलं असतं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

नागरत्नाची पावलं खोलीपाशी थांबली. पडद्याच्या कड्या वाजल्या.

"घ्या. हळू प्या."

खोकला थांबला.

थोड्या वेळानं पेला हातात घेऊन नागरत्ना बाळाला बघायला बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. तिनं सासूकडे पाहिलं. मग पेल्याकडे.

पेला रिकामा होता. काठ अजून ओला होता.