तीन नंबरचा सिलिंडर

सिलिंडर रिकामा होता.

पोलीस जमादार सुकदेव बिऱ्हाडेनं झडप पूर्ण उघडून कान लावला. काहीच आवाज आला नाही.

"पुन्हा भरून बघितला?" त्यानं विचारलं.

"बघितला," छगन म्हणाला. "सकाळी तुमच्या शिपायासमोर सील फोडून भरला, पाण्याच्या टाकीत दोन तास बुडवून ठेवला. एक बुडबुडा नाही. गळत नाही कुठं. मग हवा सोडून दिली."

छगन दलातला सगळ्यात जुना फायरमन होता. कालपासून त्यानं खाकी बदलली नव्हती. विचारलं की उत्तर द्यायचा, नाही विचारलं की समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा.

सत्त्याण्णव सालचा मार्च महिना. शहराच्या कडेला, पर्वत पाटियाच्या पुढे मंगलदीप औद्योगिक वसाहत होती, सगळे कापडाचे कारखाने. वसाहतीचं स्वतःचं अग्निशमन दल होतं, नऊ माणसांचं. काल दुपारी कापड रंगवायच्या एका डाइंग कारखान्याच्या तळघरात आग लागली. आत कामगार अडकलाय म्हणून लोक ओरडत होते. दलातला फायरमन वाल्मिक पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा असा हवेचा सेट चढवून खाली उतरला. सेटमध्ये अर्ध्या तासाची हवा असते. बाराव्या मिनिटाला वाल्मिक पायऱ्यांपासून दहा पावलांवर पडलेला सापडला. मुखवटा त्यानं स्वतःच ओढून काढला होता.

आत कुणीच नव्हतं. तो कामगार मागच्या दारानं केव्हाच बाहेर पडला होता.

अकस्मात मृत्यूचे कागद सुकदेवकडे आले. कागदांवर जवळजवळ सगळं लिहूनच झालं होतं: सेट चढवून देणाऱ्यानं हवा तपासली नाही. सेट चढवून देणारा छगन होता.

"दाबाचा काटा कुठं होता?" सुकदेवनं विचारलं.

"भरलेल्यावर."

"नीट बघितला?"

"दोनदा. मग पट्टा आवळला." छगन थांबला. "आता वाटतं, बघितला का खरंच? सगळे म्हणतात नाही बघितला."

"वाल्मिक काही बोलला?"

"हसला. म्हणाला, छगनभाऊ, नवा माल हलका आहे. सेट नवेच होते. पंधरा-वीस दिवसच झाले येऊन. आगीत वापरायची पहिलीच वेळ."

"पुढे?"

"पुढे काय. मी वर उभा राहिलो. आमचे प्रमुख बाबुराव साहेब ऑफिसातून उशिरा आले. आल्या आल्या विचारलं, कोण आत आहे, कुठला सेट घालून. मी म्हटलं, वाल्मिक, तीन नंबर. साहेब म्हणाले, आत्ता जा, बाहेर आण त्याला. मी एक नंबर चढवला आणि उतरलो. साहेबांचा जीव आहे आमच्यावर. रात्रभर वाल्मिकच्या घरी बसून होते."

"तो उतरून किती वेळ झाला होता तेव्हा?"

"आठ मिनिटं. पाटीवर खडूनं वेळ लिहितो ना आम्ही. धुरात सापडायला मला चार मिनिटं लागली."

सुकदेवनं ते लिहून घेतलं.

नवी गाडी आवारात उभी होती. मागं बसायला बाक, कडेला सामानाचे कप्पे. माणसं आणि अवजारं एकदम नेण्यासाठी बांधून घेतलेली. पंधरा दिवसांपूर्वी उद्घाटन झालं होतं. बॉनेटवरचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना हवेच्या सेटचे कप्पे होते, डावीकडे एक आणि दोन नंबर, उजवीकडे तीन आणि चार.

उजव्या कप्प्याचं दार सुतळीनं बांधलं होतं.

"हे काय?" सुकदेवनं ड्रायव्हर किसनला विचारलं.

"लागत नाही साहेब. कडी बसत नाही."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. आगीवर गेलो तेव्हा लागलेलं होतं. मीच उघडलं."

सुकदेवनं सुतळी सोडली. चार नंबरचा सेट आत होता. सिलिंडरवर लाल कॅनव्हासची खोळ, वरून नाडी आवळलेली. सिलिंडर चार बोटं बाहेर येत होता. दार लागणार कसं? डाव्या कप्प्यात मात्र तसेच दोन सिलिंडर आरामात मावले होते. सुकदेवनं खिशातली टेप काढून दोन्ही कप्पे मोजले. उजवा आठ इंचांनी उथळ होता. त्याच्या मागं बाक होता.

"वाल्मिकशी तुझं भांडण होतं म्हणे?"

किसनचा चेहरा हलला नाही. "होतं. गाडी धुण्यावरून. त्यासाठी कुणी माणूस मारत नाही साहेब."

"काल बाबुराव साहेबांनी छगनला आत पाठवलं, तेव्हा तू कुठं होतास?"

"पंपापाशी, साहेबांच्या बाजूला. मी म्हटलंसुद्धा, साहेब, अजून बावीस मिनिटं हवा आहे त्याच्याकडं, कशाला घाई? साहेबांनी ऐकलंच नाही."

"आगीवरून परत आल्यावर वाल्मिकचा सेट कुठं ठेवला?"

"स्टोअरमध्ये. तीन वाजता. सहाला तुम्ही येऊन सील केलं."

"किल्ली?"

"एक माझ्याकडं, एक साहेबांकडं."

गाडी बांधली होती उखानं. त्याची शेड रस्त्याच्या पलीकडेच होती. उखा मूळचा पारोळ्याकडचा. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून तो बाहेर आला. वाल्मिकचं ऐकल्यापासून त्यानं काम बंद ठेवलं होतं.

"तुला दिलेल्या नकाशात उजवा कप्पा उथळ होता?"

"नही. दोन्ही सारखेच होते. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी निरोप आला, उजवीकडचा बाक आठ इंच मागं घे. घेतला."

"निरोप कुणी आणला?"

"किसनभाईनं."

"मग सिलिंडर बसेनात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"माझ्या आलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी बाबुराव साहेबांना सांगितलं, कप्पा बाहेर काढावा लागेल, पत्रा कापावा लागेल, चार दिवस द्या. ते म्हणाले, उद्या पाहुणे येतील, नंतर बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सिलिंडर आत आणि दार बंद. मला वाटलं, लहान सेट मागवले असतील. आपण कशाला विचारायचं?"

सुकदेवची नजर कोपऱ्यात पडलेल्या फोमच्या तुकड्यांवर गेली. "बाकाच्या गादीचा फोम कुठला?"

"माझाच. पिवळा. एक तुकडा साहेब घेऊन गेले होते. म्हणाले, खुर्चीला पाहिजे."

सुकदेव परत आला. स्टोअरमध्ये जाऊन त्यानं तीन नंबरच्या सिलिंडरची सकाळी काढून ठेवलेली खोळ घेतली. खोळ बाहेरून काजळीनं काळी होती, एका बाजूला करपलेली. ती त्यानं उलटी केली आणि टेबलावर कागद पसरून झटकली.

कागदावर पिवळा भुगा पडला.

मग त्यानं स्टोअरची खालची फळी बघितली. तिथं सुटकेचे छोटे सिलिंडर ठेवलेले असत. माणसाला धुरातून पळून बाहेर येण्यापुरती हवा असणारे, दहा-बारा मिनिटांचे. चार होते. दोनांवर महिन्याची धूळ होती. दोन स्वच्छ होते, आणि त्यातल्या एकाच्या झडपेच्या आट्यांत काळं काहीतरी अडकलं होतं. सुकदेवनं नखानं काढून बघितलं. काजळी.

दुपारी चार वाजता त्यानं सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. छगन, किसन, उखा. बाबुराव निकुंभ ऑफिसातून आले. चोपन्न वर्षांचे, पांढऱ्या मिशा, शर्टाला इस्त्री. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"छगननं काटा बघितला नाही, असं सगळे म्हणतात," सुकदेव म्हणाला. "मी म्हणतो, बघितला. काटा भरलेल्यावरच होता."

छगननं मान वर केली नाही.

"मग हवा बारा मिनिटांत संपली कशी?" किसननं विचारलं.

"लहान सिलिंडर गच्च भरला तरी काटा भरलेलाच दाखवतो. काट्याला दाब कळतो, आकार कळत नाही. वाल्मिकच्या पाठीवर सुटकेचा छोटा सिलिंडर होता. वरून मोठ्याचीच खोळ, आत फोम भरलेला. म्हणून दिसायला मोठा आणि उचलायला हलका. सेट नवे, त्यामुळे खरं वजन कुणाच्या हाताला माहीत नव्हतं."

"पण सील केलेला तर मोठाच आहे," किसन म्हणाला.

"तीन ते सहाच्या मध्ये बदललेला. उजव्या बाजूचे दोन्ही बदलले. मोठा सिलिंडर स्टोअरमध्ये उघडून रिकामा केला, काजळीच्या खोळीत घातला. फोम काढला, भुगा राहिला. छोटा धुतला, आट्यांतली काजळी राहिली. आणि गाडीत परत मोठा चार नंबर ठेवला, तेव्हापासून दार लागत नाही. काल आगीवर जाताना ते लागत होतं. म्हणजे तेव्हा आत मोठे सिलिंडर नव्हतेच."

किसननं उजव्या कप्प्याच्या सुटलेल्या दाराकडे बघितलं.

"किल्ल्या दोन. किसनची आणि साहेबांची. बाकाचा निरोप किसननं आणला, भांडणही किसनचंच. मी आधी त्याच्याकडंच बघत होतो." सुकदेव बाबुरावांकडे वळला. "पण किसन म्हणाला, अजून बावीस मिनिटं आहेत. त्याला माहीत नव्हतं. वसाहतीत एकाच माणसाला माहीत होतं की बावीस मिनिटं नाहीत. त्यानं विचारलं, कुठला सेट. तीन नंबर ऐकलं आणि आठव्या मिनिटाला माणूस आत पाठवला. साहेब, तुम्हाला घाई कसली झाली होती?"

बाबुरावांनी गाडीला हात टेकला. 

"दोनच दिवसांसाठी ठेवले होते," ते म्हणाले. आवाज सपाट होता. "पाहुणे कप्पे उघडून बघतील, रिकामे कसे दाखवायचे? जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना मीच खोळी भरल्या. मोठे दोन सिलिंडर स्टोअरच्या कपाटात कुलूप लावून ठेवले. उद्घाटन झालं की गाडी उखाकडे पाठवायची होती. मग होळी आली. मग म्हटलं सोमवारी. रोज म्हणायचो, उद्या."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर गाडी बंद ठेवावी लागली असती."

"आणि बाक?"

"वाल्मिकनंच मागितला होता. पोरं फुटबोर्डवर लटकत जातात साहेब, म्हणाला, सगळ्यांना आत बसू द्या. बरोबर होतं त्याचं. मी किसनकडून निरोप पाठवला."

"आणि छगन?"

यावर बाबुराव पहिल्यांदाच अडखळले. "मला वाटलं, फार तर निलंबित होईल. माझी निवृत्ती चार वर्षांवर... मी त्याला परत घेतलं असतं."

"तुम्ही वाल्मिकला वाचवायला माणूस पाठवलात. मग स्टोअरमध्ये जाऊन दुसऱ्याच्या नावावर त्याचं मरण लिहिलंत."

बाबुरावांनी मान हलवली. नाही म्हणण्यासाठी नव्हे. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टोअरची किल्ली काढून किसनच्या हातात दिली आणि पोलिसांच्या जीपकडे स्वतःच चालत गेले.

छगन तिथंच उभा होता.

"ऐकलंस ना?" सुकदेव म्हणाला. "तू बरोबर बघितलं होतंस."

"हो," छगन म्हणाला.

"तुझ्यावर काही नाही आता."

"बरं."

त्यानं पंपापाशी पडलेला पाण्याचा होज उचलला आणि गुंडाळायला लागला. अर्धा गुंडाळून झाल्यावर थांबला, आणि पुन्हा सोडून पहिल्यापासून गुंडाळू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेव नवागामला गेला. वाल्मिकची खोली चाळीच्या टोकाला होती. आजूबाजूला लूम चालू होते, त्यांचा खडखडाट भिंतीतून जाणवत होता. धनश्री, वाल्मिकची बायको, भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीनं आणलेला चहा तिच्यापुढं निवून गेला होता.

सुकदेवनं सगळं सांगितलं. सिलिंडर, खोळ, बाबुराव. फक्त बाक कुणी मागितला ते सांगितलं नाही.

ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग तिनं विचारलं, "छगनभाऊंचा दोष नव्हता?"

"नाही."

"त्यायले सांगा मंग, घरी या म्हनून. कालपासून दारात येऊन परत जातात."

"सांगतो."

निवलेला चहा बाजूला सरकवून ती म्हणाली, "आमच्या यायले माहीत व्हतं का? हवा कमी शे म्हनून?"

"नाही. संपत आली की सेटची शिटी वाजते. वाजली असणार. पण शिटीनंतर छोट्या सिलिंडरमध्ये दोन-तीनच मिनिटं मिळतात, मोठ्यात सात-आठ. त्यानं तेवढी धरली असणार. तो आतल्या माणसाला शोधत राहिला, मग परत फिरला. पायऱ्यांकडेच येत होता."

"म्हंजे त्यायले वाटलं, टाइम शे."

"हो."

धनश्रीनं पदराचं टोक हातात घेतलं, मांडीवर सरळ केलं.

"मंग लई येळ घाबरले नसतीन," ती म्हणाली.

 बाहेर लूम चालूच होते.

"नाही," सुकदेव म्हणाला. "लई येळ नाही."