हाताने टाकलेली टिंबं

सप्टेंबरातल्या रविवारी लोवेच गावातल्या प्रत्येक बाल्कनीत जे चालतं, तेच त्रेंदाफिलाबाईंच्या बाल्कनीतही चाललं होतं. विजेच्या उभ्या भट्टीत लाल ढबू मिरच्या भाजल्या जात होत्या आणि जळक्या सालींचा वास जिन्यापर्यंत भरला होता. बाई स्टुलावर बसून साली सोलत होत्या. आत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, त्यांची मुलगी झोर्नित्सा लॅपटॉप उघडून बसली होती. राजधानी सोफियाहून ती याच कामासाठी आली होती. आईच्या पुस्तकाला अनुक्रमणिका करून द्यायची होती.

पुस्तक पाणपोयांवरचं होतं. डोंगरातल्या वाटांवर, गावांच्या वेशीवर, लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांच्या नावाने बांधलेल्या दगडी पाणपोया. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून बाई बसने, पायी, कधी कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून त्या शोधत हिंडल्या होत्या. चारशेच्या वर पानं झाली होती.

"आई, ही टिंबं तू हाताने टाकलीस?"

"मग काय पायाने टाकू?"

"प्रत्येक ओळीत? पाणपोईचं नाव, मग टिंबं, मग पानाचा आकडा?"

"अशीच तर असते अनुक्रमणिका."

"पण हा टाइपरायटर नाही. हे बघ, अक्षर जरासं मोठं केलं की सगळी टिंबं खालच्या ओळीत सांडतात."

"मग नको करूस मोठं."

झोर्नित्सा हसली. तिचं पोटच या कामावर चालत होतं. सोफियातल्या एका कचेरीत ती जाडजूड सरकारी अहवालांची मांडणी करी. तिने प्रत्येक पाणपोईच्या नावाला हेडिंग लावलं, एक बटण दाबलं, आणि सबंध अनुक्रमणिका आपोआप पहिल्या पानावर उभी राहिली. टिंबंसुद्धा मशीननेच ओढली, फुटपट्टीने ओढावीत तशी.

बाई लाल हात पुढे धरून आत आल्या आणि चष्म्यावरून बघू लागल्या.

"पुढे का लावलीस?"

"आमच्याकडे पुढेच लावतात. अहवाल वाचणाऱ्याला आधी कळायला नको का, काय कुठे आहे ते?"

"अहवाल कोण वाचतं गं? पुस्तकाची अनुक्रमणिका मागे असते. आधी वाचायचं. मग, ते अमुक कुठे होतं बरं, म्हणून शेवटी जाऊन शोधायचं. पुढे अनुक्रमणिका म्हणजे जेवायच्या आधी ढेकर."

"बरं बाई, नेते मागे. नंतर."

"आणि टिंबं ही अशी असतात." बाईंनी मिरचीने माखलेलं बोट सरळ टिंबाच्या बटणावर ठेवलं आणि सावकाश दाबलं. एक. मग आणखी एक. मग आणखी एक. "आता कळतं, कुणीतरी टाकलीत म्हणून."

"आई, लॅपटॉप माझा आहे!"

"धुऊन टाक."

झोर्नित्साने ओल्या फडक्याने बटण पुसलं. बाल्कनीच्या दाराशी बाई थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "वाचलंस का, झोर्चे?"

"सगळं नीट बसलंय, आई."

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा साली सोलायला बसल्या.

झोर्नित्साला वाचनाचं वावडं नव्हतं. तिच्या घरी भिंती पुस्तकांनी झाकलेल्या होत्या. पण हाताखाली कामाला आलेलं पान ती वाचत नसे. ती त्याच्या कडा बघे. आईचं पुस्तकही तिच्यासाठी आधी काम होतं. वाचायला पुढे सगळा हिवाळा होता.

ती सोफियाला परतली आणि मंगळवारी आईच्या शेजारच्या स्तान्काकाकूंचा फोन आला. त्रेंदाफिलाबाई बाजारासमोरच्या थांब्यावर बाकावर बसल्या होत्या. बस आली, सगळे चढले, बाई बसूनच राहिल्या. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला होता.

इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा कागद लागला. आईचा शाळेतला फोटो, खाली नाव. झोर्नित्सा स्मशानातून परत आली ती मनाशी एक गोष्ट पक्की करूनच. चाळीसाव्या दिवशी उकडलेले गहू, साखर आणि अक्रोड घालून, माणसांच्या ओंजळीत घालतात. त्या प्रत्येक ओंजळीबरोबर ती आईचं पुस्तक देणार होती. लोकांनी आपल्या माणसांच्या नावाने पाणी दिलं होतं. हिच्या नावाने हे.

तिने रजा टाकली आणि लोवेचमध्येच राहिली. त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत. फळीवर मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या रांगेने उभ्या होत्या. त्यांना तिने हात लावला नव्हता.

काम फारसं उरलं नव्हतं. नकाशे जागेवर बसवले, समास सारखे केले, आणि पानं पुढेमागे झाली म्हणून अनुक्रमणिका अपडेट केली. तेव्हा तिला ती ओळ दिसली. 'कुंभारांची पाणपोई' आणि 'सैनिकाची पाणपोई' यांच्या मध्ये, मशीनच्या सरळ टिंबांसकट:

'उन्हाळ्यातही इथलं पाणी दातांना झोंबतं' आणि पुढे आकडा, तेहेतीस.

अशा चुका तिने शेकड्यांनी बघितल्या होत्या. मजकुरातल्या एखाद्या वाक्याला चुकून हेडिंग लागतं, आणि ते अनुक्रमणिकेत येऊन बसतं. ती तेहेतिसाव्या पानावर गेली. वाक्य सापडायला पान वाचावं लागलं. ते मधल्या परिच्छेदात होतं, साध्या अक्षरात, हेडिंगचा मागमूस नसलेलं. तिने तरीही त्याची सगळी मांडणी पुसली आणि पुन्हा लावली. अपडेट केलं. ओळ गेली.

तिच्या जागी दुसरी आली. 'हिला बांधणाऱ्याचं नाव शेवाळाने खाल्लंय, पण तहान कुणाची ते अजून वाचता येतं.' पान अठ्ठावन्न.

हेही वाक्य साधंच होतं. ते दुरुस्त केल्यावर तिसरं आलं. तिने सबंध मजकूर उचलून कोऱ्या फाइलमध्ये ओतला, हेडिंगं पहिल्यापासून लावली. चौथं आलं.

तिने कचेरीतल्या लाचेझारला फोन केला. मशीनचा कुठलाही आजार त्याला आवाजावरून कळतो, असं सगळे म्हणत.

"हेडिंग लागलं असणार कुठेतरी."

"नाही लागलं. बघितलंय मी."

"मग अंगात आलंय त्याच्या. ग्लासभर कडक राकिया दारू पाज, उतरेल."

"लाचो."

"बरं, बरं. पाठव इकडे." थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "माझ्याकडे तर लख्ख आहे. सगळ्या पाणपोया आणि काही नाही. झोर्नित्सा, तू झोपतेस ना नीट?"

"तुझ्याकडचीच फाइल छापखान्याला पाठव. मी इथे उघडतच नाही."

त्याने पाठवली. दोन दिवसांनी ती नदीपलीकडच्या छापखान्यात नमुन्याची प्रत बघायला गेली. तिथल्या गेर्गानाबाईंनी हात पुसून प्रत पुढे केली. शाईचा आणि गरम कागदाचा वास येत होता.

"तुमच्या आईंचं ना? मी सहसा वाचत नाही हो, पण एकदा सुरू केलं आणि राहवलं नाही. ती टोपीतून पाणी पिणारी मुलगी, ती तुम्हीच असणार."

"कुठली टोपी?"

गेर्गानाबाईंनी जरा चमकून तिच्याकडे बघितलं. "अहो, अनुक्रमणिकेतसुद्धा आहे की."

होतं. छापलेल्या कागदावर, दोन पाणपोयांच्या मधोमध: 'माझी मुलगी टोपीतून पाणी प्यायली आणि उरलेलं तिने मला दिलं.' पान दोनशे सात.

"हे इथे कसं आलं?"

"तुम्ही पाठवलंत तसं छापलं. चूक आहे का?"

झोर्नित्साने प्रत उराशी धरली. चूक आहे म्हणायला आधी माहीत असायला हवं होतं. तिच्या आईने तिच्याबद्दल काय लिहिलंय, ते या बाईला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

"छपाई थांबवा," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी शेवटची फाइल देते."

"शुक्रवारच्या पुढे मात्र चाळीसाव्याला पोचणार नाही."

"शुक्रवारीच."

घरी येऊन तिने लॅपटॉप बाजूला सारला आणि नमुन्याची प्रत पहिल्या पानापासून वाचायला घेतली. कडा न बघता. आई तिला वाटलं होतं तशी लिहीत नव्हती. आई दगडाची मापं द्यायची आणि मधेच, आवाज न चढवता, असं काही लिहायची की झोर्नित्सा बोट पानात ठेवून खिडकीबाहेर बघत राही. मुलगा बुडाला म्हणून पाणपोई बांधणारा मेंढपाळ. त्याने तिला नळ बसवला नव्हता, पाणी कधी थांबू नये म्हणून. दोनशे सातव्या पानावर एक उतार होता, एक निळी लोकरीची टोपी होती. तिला तो दिवस आठवत नव्हता. मग पान उलटल्यावर, ओल्या लोकरीचा वास आठवला.

शुक्रवारी सकाळी पुस्तक संपलं.

शेवटच्या पानानंतर कोरं पान होतं. आई म्हणाली होती तसं, आता कुठेतरी मागे जाऊन शोधावंसं वाटत होतं. तिने लॅपटॉप ओढून घेतला, अनुक्रमणिका पहिल्या पानावरून उचलली आणि शेवटी नेऊन ठेवली. अपडेट केलं.

सगळ्या पाणपोया ओळीने आल्या. मधे एकही वाक्य नव्हतं. तिने एकेक नाव बोटाने तपासलं. बरोबर होतं. आता पाठवायचं आणि बाजारात गहू आणायला जायचं.

तेवढ्यात खाली, शेवटच्या नावाच्या खाली, तिला आणखी एक ओळ दिसली.

'वाचलंस का, झोर्चे'

पुढे टिंबं होती. आकडा नव्हता.

ती टिंबं मशीनची नव्हती. कुठे दाट, कुठे विरळ. ओळीच्या टोकाला पोचून ती खालच्या ओळीत सांडली होती.

तिने फाइल जपून ठेवायलासुद्धा हात हलवला नाही. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. दोनदा भोंगा वाजला.

खालच्या ओळीत आणखी एक टिंब आलं.

मग, सावकाश, आणखी एक.

तिने नजर खाली वळवली. टिंबाचं बटण दबलं, आणि वर आलं. त्याच्यावर मिरचीचा लाल, ओला ठसा होता.

झोर्नित्सा उठली नाही. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. घसा साफ केला.

"वाचलं, आई," ती मोठ्याने म्हणाली. "सगळं वाचलं. फार सुंदर लिहिलंयस तू. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं."