शून्यबैठक

दिंडोरीच्या शीतगृहात बसून काम करायचं असेल, तर मनगटावर किमान चार दिसावे लागत. हा आकडा म्हणजे वेदनांक. कानामागे चिकटवलेली टिकली मेंदूतल्या लहरी वाचायची आणि दुखणं किती आहे ते शून्य ते दहा अशा आकड्यात मनगटपट्टीवर दाखवायची. ही सोय आल्यापासून कुणाला कण्हायची गरज उरली नव्हती, आणि कण्हलंच तर ऐकून घ्यायचीही. रजा, खुर्ची, गोळी, सगळं आकडा बघून मिळे.

वृषाली गांगुर्डेच्या पट्टीवर सात वर्षं शून्य होतं.

ती आठ-आठ तास गारठ्यात उभी राहून द्राक्षांचे घड निवडायची. खांद्यांत ठणका, पोटऱ्यांत रग, बांगडी सरकली तरी मनगटात कळ. आठ तास झोपून उठली तरी कुणीतरी बदडून काढल्यासारखं अंग. नवरा दिगंबर याने प्रेमाने खांद्यावर हात ठेवला, तरी ती चटका बसल्यासारखी बाजूला व्हायची. "पट्टी तर शून्य दाखवतेय गं," तो म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. घड्याळावर ठेवावा तसा त्याने पट्टीवर विश्वास ठेवला होता, एवढंच. हळूहळू त्याने हात ठेवणं सोडून दिलं. मागच्या महिन्यात वृषाली क्रेटसकट खाली बसली, तेव्हा मुकादमाने आधी तिचं मनगट पाहिलं आणि मग सांगितलं, "उभं राहायचं नसेल तर एक तारखेपासून येऊ नका."

म्हणून ती दोघं नाशिकच्या वेदनामापन केंद्रात आली होती. समोर डॉ. रेवती बर्वे बसल्या होत्या. टिकली बनवणाऱ्यांपैकी त्या एक.

"तुमचं रक्त, स्नायू, सांधे, सगळं स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे हिला काही झालेलं नाही," दिगंबर म्हणाला.

"झालंय. याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. दारावरची बेल बिघडली की वाऱ्यानंसुद्धा वाजते ना, तसं. दारात कुणी नसतं, पण बेल खरंच वाजत असते. यांचा मेंदू साध्या स्पर्शालाही दुखणं म्हणून वाजतो."

"मग ते टिकलीला का ऐकू येत नाही?" वृषालीने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येकाच्या मेंदूतली लहर वेगळी असते. नुसती लहर पाहून दुखणं कुठे सुरू होतं ते कुठल्याही यंत्राला कळत नाही. ते माणसानेच एकदा सांगावं लागतं. म्हणून सुरुवातीला शून्यबैठक होते. माणूस 'बरं आहे' म्हणाला की त्या क्षणाची लहर त्याचं शून्य म्हणून कायमची ठरते.

"तुमच्या बैठकीत काय झालं होतं, आठवतं?"

"तालुक्याला शिबिर होतं. मोठी रांग होती. एका पोरीनं विचारलं, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, बरं आहे."

"तेव्हा दुखत होतं?"

"तीन वर्षं दुखत होतं की. पण परक्या माणसाला काय सांगत बसायचं?"

डॉक्टरांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. जिल्ह्यातल्या बायकांचा वेदनांक पुरुषांच्या निम्मा निघाला, तेव्हा खात्याने बायका काटक असल्याचा अहवाल काढला होता. त्यावर त्यांचीही सही होती.

"कायद्यानं शून्य एकदाच बदलता येतं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी मौनलहर देते. तिनं मेंदूतली बेल अर्धा तास बंद राहते, त्याहून जास्त झेपत नाही. दुखणं थांबलं की 'बरं आहे' म्हणा. यंत्र शब्द ऐकेल, शून्य घेईल आणि मौनलहर आपोआप तोडेल. मग तुमचा खरा आकडा दिसेल. माझ्या अंदाजानं आठ."

आठ म्हणजे खुर्ची. वृषालीने मान डोलावली.

मौनलहर सुरू झाली. आधी मान गेली, मग खांदे, मग पाय. गेले म्हणजे तिथेच होते, फक्त गप्प झाले. वृषाली घाबरून स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. दिगंबरने न राहवून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीने उचलायला गेला. तिने तो धरून ठेवला. हात कोमट होता. नुसता हात होता. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणा, वृषालीताई," डॉक्टर म्हणाल्या.

तिने ओठ घट्ट मिटले. म्हटलं की हे संपणार होतं.

"दहा मिनिटं झाली."

ती रडत होती, पण बोलली नाही. वीस झाली. दिगंबरला आता कळलं, आणि तोही तिला 'म्हण' म्हणाला नाही. तिसाव्या मिनिटाला यंत्राने मौनलहर तोडली. खांदा पेटला. तरी तिने त्याचा हात काढला नाही.

"हरकत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "शब्द उच्चारला नाहीत, म्हणजे शून्य बदलायची संधी अजून शिल्लक आहे. चार दिवसांनी पुन्हा या, मी मुकादमाला पत्र देते." त्या पत्र लिहायला वळल्या. यंत्र बंद करायचं राहिलं होतं.

दिगंबर तिच्यासमोर उकिडवा बसला. इतक्या वर्षांत त्याने पट्टीकडे न बघता पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "लई दुखतंय का गं?"

त्याचा चेहरा इतका उतरला होता की तिला त्याचीच कीव आली.

"नाही हो," ती म्हणाली. "बरं आहे."

यंत्राने बारीक आवाज केला. डॉक्टर झटकन वळल्या. वृषालीच्या मनगटावर एक आकडा उमटत होता, शून्य, आणि त्याच्याखाली कायमच्या नोंदीची हिरवी रेघ.