परक्या चपलांची जोडी

आई गेल्यावर तिचं अंथरूण आणि तिची हिरवी रबरी चप्पल नागसेनदादानं जाळली, त्या दिवसापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. डॉक्टर म्हणतात, शरीरात काही दोष नाही. कितीही हाका मारा, पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून दादाला फॅक्टरीकडून मिळालेल्या खमरियाच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या खाटेशेजारीच टेबल मांडून मी पीएचडीचं काम करते. युरोपातल्या यंत्रात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात, त्यातून एक कण जन्मतो आणि लगेच फुटून त्याचे दोन तुकडे होतात. तुकडे कुठे उडाले ते बघून, आपण धरलेल्या दिशेला त्या कणाची फिरकी झुकली होती का, हे मी मोजते. तुकडे सगळीकडे सारखेच उडाले, तर उत्तर एक तृतीयांश येतं; म्हणजे झुकाव नाही.

पडताळणीसाठी एका टकरीतला तुकडा दुसऱ्याच टकरीतल्या तुकड्याशी जोडायचा. एका लग्नाच्या मांडवातून डावी चप्पल उचलायची, दुसऱ्या मांडवातून उजवी. अशा परक्या जोड्यांत झुकाव दिसायलाच नको.

माझ्या जोड्यांत तो दिसला.

माझे गाईड अंबरीश सर फोनवर हसले. "प्रोग्राम में गलती होगी, एकता. फिर से देखो." मी हट्टाला पेटले आणि प्रोग्राम मुळापासून पुन्हा लिहिला. झुकाव वाढला.

त्याच संध्याकाळी दादा फॅक्टरीतून आला आणि दारातूनच ओरडला, "काहून वं एकता, चपला कोण फिरवून राहिलं?"

दाराबाहेरच्या सगळ्या चपलांची टोकं पूर्वेला होती. गणितात मी धरलेली दिशाही पूर्वच होती.

मी दक्षिण धरली आणि बाहेर जाऊन पाहिलं. टोकं दक्षिणेला.

खोटं कशाला सांगू, भीती वाटली. पण त्याहून जास्त बाबा आठवले. चपला वळतात, तर तेही वळतील.

दुसऱ्या दिवशी दादा ड्युटीवर गेल्यावर दार लावून घेतलं. खाटेकडून माझ्या खुर्चीकडे येणारी दिशा होकायंत्रानं मोजली आणि आकडे भरले. खुर्चीची पाठ दाराकडे होती.

खाट करकरली.

बाबा वळत होते. आधी मान, मग खांदा. मला रडूच फुटलं. "बाबा, इकडे पाहा ना."

ते माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते.

"इतक्या लोकायले," ते म्हणाले, "काहून बोलावलं वं?"

मी उठून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. चपला मात्र पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. रेषा मी भरलेलीच, पण टोकं उलटी, घराकडे; जोडीजोडीनं नीट लावलेल्या. एकाही जोडीतली डावी-उजवी एकमेकींची नव्हती.

उंबरठ्याशी पहिली जोडी. उजवी माझी होती.

डावी हिरवी, रबरी. हात लावला तर अजून गरम.