विसाव्याची जागा

मांडणीवरची पितळी ताटं खणखणली. भर दुपार, गल्ली पेंगत होती, चार वर्षांची तुळसा माझ्या मांडीवर नुकती निजली होती. ताटं वाजली आणि पाठोपाठ खिडकीतून डिझेलचा वास आला. आमच्या गल्लीतून गेलेला तो पहिला ट्रक. तुळसाचे बाबा बाजेवर आडवे होते. डोळे न उघडताच म्हणाले, "घे, आला तुझा नकाशा घरात."

नकाशा माझा एकटीचा नव्हता. भंडाऱ्याच्या भर बाजारातली भांडेओळ, म्हणजे पितळी भांड्यांच्या दुकानांची रांग, पाडून तिथे दुमजली बाजार बांधायचा होता. त्याने रहदारीचं काय होईल, हे तपासायचं काम आमच्या कचेरीकडे आलं होतं. मी तिथे ट्रेसर, नकाशे आखून देणारी. सन त्र्याऐंशी. आम्ही चौकात उभं राहून ट्रक, एसट्या, बैलगाड्या, सायकलरिक्षा मोजल्या. भांडेओळीतून वैनगंगेच्या घाटाकडे तिरड्याही जायच्या. त्या कशात धरायच्या, असं मी साहेबांना विचारलं.

"पायी चालणाऱ्यांत टाका," साहेब म्हणाले. "चौघं तर पायीच असतात."

सगळे हसले. मीही हसले.

मग भांडेओळीभोवती पत्रे ठोकले गेले आणि आमच्या नकाशाप्रमाणे सगळी रहदारी मागच्या बाजूने, आमच्या गल्लीतून वळवली. भांडेओळीच्या मध्यावर कडुनिंबाखाली एक दगडी ओटा होता. तो विसावा. घरून निघालेली तिरडी तिथे टेकवायची. पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे. तिरडीचं तोंड फिरवायचं, मग घाटाकडे निघायचं. गेलेल्याला घरचा रस्ता आठवू नये म्हणून. तो ओटा पत्र्यांच्या आत गेला. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना नाल्या, पाठीशी ट्रकचे हॉर्न. टेकवायला जागाच नव्हती. तिरड्या सरळ जाऊ लागल्या.

पोळ्याच्या सुमारास शेजारच्या गोदावरीबाई झाडू घेऊन ओसरीत उभ्या दिसल्या. उंबऱ्यावर रेती होती. ओली, बारीक, नदीची.

"रोज झाडते वो बाई. रोज येते."

"बांधकामाची असेल."

"बांधकामाची सुकी रायते," त्या म्हणाल्या. "अन् ते बाजेपर्यंत नाही येत."

त्यांचे दीर श्रावणात गेले होते. त्याच बाजेवर निजत.

मी रेतीच्या ट्रकांवर लक्ष ठेवलं. ताडपत्री सैल असेल, वारा घाटाकडून वाहत असेल, असं मनाशी जुळवत राहिले. पण पुढे आणखी घरांत रेती आली, आणि ज्या घरातून हल्ली कुणी गेलं नव्हतं, तिथले उंबरे कोरडे होते. त्या घरांसमोरूनही तेच ट्रक जात.

दिवाळीनंतर हे काविळीने गेले. एसटी डेपोतले मेकॅनिक, अंगाला ग्रीसचा वास कायमचा मुरलेला. शेवटच्या आंघोळीनंतरही तो गेला नाही. मी दारात उभी होते. तिरडीमागे एसटी अडकली, तिने हॉर्न दिला. मग ड्रायव्हरने माणूस ओळखला असावा. त्याने इंजिन बंद केलं. त्या शांततेत तिरडी मी आखलेल्या रस्त्याने सरळ गेली.

तेरवी झाली आणि एका दुपारी आमच्या उंबऱ्यावर रेती दिसली.

कुणी पाहायच्या आत मी ती झाडून टाकली.

"बाबाचे पाय ओले आहेत," तुळसा म्हणाली. तिच्या केसांना ग्रीसचा वास येत होता.

त्या रात्रीपासून मी जेवताना आणखी एक ताट मांडू लागले. मग एकदा तिच्या फ्रॉकला बटण लावत बसले असताना पाठीमागे बाज करकरली. नारळी सुंभ ताणला गेला, कुणी अंग टेकावं तसा. मी मागे वळून पाहिलं नाही. भीतीने नव्हे. पाहिलं तर नसतील, म्हणून.

पुंडलिकराव आले तेव्हा मी रेतीवर पोतं टाकून ठेवलं होतं. भांडेओळीतलं त्यांचं दुकान पडलं होतं, आता ते घरीच पाण्याचे पितळी गुंड आणि गंगाळं विकत.

"बाई, तुमच्या अंगणाच्या कोपऱ्याशी गल्ली जराशी रुंद आहे. तिथं विसाव्याचा दगड ठेवू द्या. साहेब म्हणतात, जागा तुम्ही नकाशावर दाखवली तर त्यायले चालते."

"बघते."

"लोकायच्या घरी त्यायची माणसं परत येऊन राहिली. मेलेल्याले रस्ता भुलवा लागते, बाई. विसावा बसला का आधी गेलेलेबी भुलतीन." त्यांनी पोत्याकडे पाहिलं. "तुमच्या इथं बी?"

"नाही," मी म्हटलं.

कचेरीत बोर्डावर आमच्या गल्लीचा नकाशा लावलेला होता. रोज पेन्सिलीला टोक काढायची आणि त्या कोपऱ्यावर खूण करायचं उद्यावर टाकायची. तो दगड बसला की हे घर त्यांना सापडणार नव्हतं.

तुळसा खेळायची थांबली. भात तोंडात धरून बसे. तिची बोटं नदीत धुतल्यासारखी गार लागत. मी ती माझ्या पोटाशी धरून गरम करायची, सोडली की पुन्हा गार.

"बाबा म्हणतात तिकडे लय पाणी आहे," ती म्हणाली. "मला दाखवतो म्हणतात."

"लेकरू घेऊन जाईल वो बाई," गोदावरीबाई म्हणाल्या. "समजून घ्या. तो तिचा बापच असन, पण तिकडचा आहे."

दुसऱ्या दिवशी तुळसाला गोदावरीबाईंकडे ठेवून गेले होते; कचेरीतून आले तर आमचं दार उघडं होतं.

तुळसा घाटाच्या रस्त्याला लागली होती. अनवाणी, न रडता, संथ चालत होती. एक हात वर उचललेला, मूठ मिटलेली, मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी.

मी तिला उचललं. मूठ उघडेना.

तशीच तिला कडेवर घेऊन पुंडलिकरावांकडे गेले. "दगड आणा," म्हटलं. जागा नकाशावर दाखवली नाही. हाताने दाखवली.

दगड बसला. त्यावर पहिली टेकली ती बाबूलाल रिक्षावाल्याची तिरडी. खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या, तिरडी फिरली, आणि मी दाराआडून हात जोडले. बाबूलालला जोडले की आणखी कुणाला, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली कोरडी.

"आता कोणालेच रस्ता गवसत नाही," पुंडलिकराव म्हणाले.

आमचाही उंबरा कोरडा होता. मी त्यावरून हात फिरवला, एक कण नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन, तोंडात पदर धरून रडले. जास्तीचं ताट मांडणीवर ठेवलं. तुळसा वाचली होती.

बाहेर आले तेव्हा ती जमिनीवर, बाजेच्या पायाशी बसली होती. मान कलती करून, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

बाजेला झोळ पडला होता.

"तुळशे, इकडे ये."

ती आली नाही.

"बाबा गेलेच नाहीत," ती म्हणाली. "दगड आला तेव्हा घरातच होते. आता त्यांना बाहेरचं काही ओळखू येत नाही."

मी तिचा हात धरला. गार होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. शहाण्या माणसाला वाट विचारावी, तसं विचारलं.

"आई, बाबा विचारून राहिले, आम्ही आता जायचं कोणीकडून?"