परफ्यूम काउंटरवरची उत्तरा

"मॅडम, इसमें तो कुछ है ही नहीं."

उत्तराच्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली. समोर निळ्या स्वेटरातला, चष्मा लावलेला एक तरुण उभा होता. त्यानं कागदाची पातळ पट्टी नाकाशी धरली होती, आणि उत्तरा मघापासून त्या पट्टीवरच्या लव्हेंडरचं, बडीशेपेचं, मागून हळूच येणाऱ्या वाळ्याचं वर्णन करत होती. पट्टीवर फवारा मारायलाच ती विसरली होती!

"अगं आई गं..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"अच्छा, मराठी?" तो हसला. "वर्णन मात्र सुरेख होतं हं. मला खरंच बडीशेप आठवायला लागली होती."

"प्लीज, कुणाला सांगू नका."

"विसरलात, एवढंच ना? त्यात काय सांगायचंय?"

ती उगाचच बाटली पुसू लागली. त्यानं क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं, मग दुसऱ्याच एका बाटलीतला फवारा पट्टीवर मारून तिच्यापुढे धरला. "हा कुठला?"

उत्तरानं पट्टीकडे न झुकता बाटलीवरचं नाव वाचायला मान वळवली. तेवढ्यावरून त्याला कळलं.

"तुम्हाला... वासच येत नाही?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दिवाळीनंतर ताप आला, तो गेला, जाताना नाकातला वास घेऊन गेला. परत येईल, कदाचित नाहीही, डॉक्टर म्हणाले होते. तिच्यासमोर दूध करपलं तेव्हा आई नुसतीच ओरडली होती, पण खरं कारण उत्तरानं घरी सांगितलं नव्हतं. बाबा दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली मुलगी गुडगावच्या नव्या मॉलमध्ये सेंट विकते, हेच त्यांना पचलं नव्हतं. किती भांडून तिनं ही नोकरी धरली होती! आता तीही जाणार, या धास्तीनं रोज सकाळी बसमध्ये ती बाटल्यांची वर्णनं पाठ करायची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. नाव केतन. शेजारच्या टॉवरमध्ये सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता, मुनिरकाला मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा.

"ते कालचं पॅरिसवालं... त्याचा टेस्टर आहे ना?"

काळपट, चौकोनी बाटली. एका बड्या फ्रेंच डिझायनरनं ते दोघं जन्मायच्याही आधी पुरुषांसाठी काढलेला परफ्यूम. हल्लीच्या मुलांना समुद्राच्या वासाची नवी निळी बाटली हवी असायची. या म्हाताऱ्याकडे कुणी वळूनही बघत नसे. केतननं मनगटावर फवारलं, डोळे मिटले.

"सांगू? न्हाव्याच्या खुर्चीतून नुकताच उठलेला माणूस. मान गार, गाल गुळगुळीत."

"आणि पुढे?"

"पुढचं संध्याकाळी. हा बदलत जातो म्हणे."

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो खरंच आला. "बडीशेप गेली. आता कुणीतरी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलंय... आणि त्याच्या खाली चामडं. जुन्या घड्याळाच्या पट्ट्याचं."

"चांगलं की वाईट?"

"ज्याच्याशी भांडायला आवडेल, अशा माणसाचा वास."

ती खळखळून हसली. तापानंतर पहिल्यांदाच.

मग ते रोजचंच झालं. दुपारी एक वर्णन, संध्याकाळी दुसरं; कधी भिजलेलं दप्तर, कधी रुसलेल्या माणसाची माफी. त्याचेच शब्द ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि तो म्हातारा परफ्यूम विकला जाऊ लागला. पण साडेपाच वाजून गेले आणि निळा स्वेटर दिसला नाही, की तिचा जीव खालीवर व्हायचा. तो परफ्यूमसाठी येतो, की...? विचारायची हिंमत नव्हती.

अशातच बातमी आली. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून अरुणा मॅडम शनिवारी तपासणीला येणार. काउंटरवरच्या मुलींनी नुसत्या वासावरून परफ्यूम ओळखायचे.

"टेन्शन नको," केतन म्हणाला. "बाटल्या तुमच्या पाठीमागे असतील ना? मी समोर टायच्या रॅकपाशी उभा राहीन, मॅडम कुठली उचलतात ते मला दिसेल. निळी असली तर कान खाजवीन. आपला म्हातारा असला तर चष्मा सरकवीन."

"आणि पकडले गेलात तर?"

"म्हणेन, डास चावतायत."

"डिसेंबरात?"

शनिवारी तिनं डबा उघडलाच नाही. अरुणा मॅडमनी पहिली पट्टी पुढे केली. केतनचा हात कानाकडे गेला.

"निळ्या बाटलीतला," उत्तरा म्हणाली.

"बरोबर."

दुसरी पट्टी. केतननं चष्मा वर सरकवला. त्याचा चेहरा तिच्याहून पांढराफटक. ती उत्तर देणार, तोच दारावरच्या गार्डनं त्याचा दंड धरला.

"कब से देख रहा हूँ, लड़कियों को इशारे कर रहे हो? चलो बाहर!"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. केतननं एक शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर उत्तराचं गुपित फुटलं असतं.

"छोड़िए उनको!" उत्तरा ओरडली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "ते माझ्यासाठी थांबलेत. मॅडम... मला वास येत नाही. तापानंतर गेलाय."

अरुणा मॅडमनी हातातली पट्टी खाली ठेवली. "मग हा जुना परफ्यूम तू विकतेस कसा?"

"तो... सकाळी न्हाव्याकडून आल्यासारखा असतो, मॅडम. ताजा, जरा ऐट करणारा. दुपारी शांत होतो. मग आपल्याला वाटतं, गेला... आता नाही येणार. आणि संध्याकाळी—" ती अडखळली. केतन तिच्याकडे बघत होता. "संध्याकाळी तो परत येतो."

तिचे कान लालबुंद झाले. गार्डनं केव्हाच हात सोडला होता.

"खरं बोललीस ते बरं केलंस," मॅडम म्हणाल्या. "पण या काउंटरवर तुला ठेवता येणार नाही, उत्तरा. सोमवारपासून बॅगांच्या विभागात जा. आणि नाकाच्या चांगल्या डॉक्टरला दाखव."

नोकरी राहिली, काउंटर गेलं. संध्याकाळी बसस्टॉपवर धुकं उतरलं होतं. केतन शेजारी उभा होता, आणि उत्तराला नवीच धास्ती लागली होती.

"आता तुम्हाला यायला कारण नाही," ती कशीबशी म्हणाली.

"एक सांगू? रागावू नका." तो चष्मा पुसत राहिला. "पहिल्या आठवड्यानंतर मी बरंचसं मनचंच सांगत होतो. रोज तोच परफ्यूम... रोज नवं काय सांगणार?"

"म्हणजे? ते भिजलेलं दप्तर?"

"मनचं."

"आणि रुसलेल्या माणसाची माफी? अहो, मी ती सांगून तीन बाटल्या विकल्या!"

"तुम्ही हसावं म्हणून..." तो थांबला. "मला तू आवडतेस, उत्तरा. बॅगांपाशी येऊन काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. पण येऊ ना?"

धुक्यातून बसचे दिवे आले. "धौला कुआँ, धौला कुआँ!" कंडक्टर ओरडत होता. तिची रोजची बस.

"काहीतरी बोल ना," केतन म्हणाला. "फार घाबरलोय मी."

"मीपण," उत्तरा म्हणाली, त्याचा गार पडलेला हात हातात घेतला, आणि बस जाऊ दिली.